फणसाचा चीक, स्टिकरचा गोंद आणि गाडीचा रंग

रत्नागिरीत फणस फोडायच्या आधी हाताला आणि कोयतीला खोबरेल चोपडतात. गाडीवर राहिलेल्या स्टिकरच्या चिवट गोंदालाही बऱ्याचदा तेच चालतं. चीक काय, गोंद काय, पाण्याला दाद देत नाहीत. तेलाने हळूहळू सैल पडतात.

थिनरने मिनिटात काम होतं, खरंय. पण गोंदाखालचा रंगही पॉलिमरच! कंपनीच्या रंगातल्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात, म्हणून तो थोडा तग धरतो. गॅरेजमध्ये नंतर मारलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग मात्र थिनरमध्ये सरळ विरघळतो. म्हणजे द्रावक निवडताना प्रश्न दोन: गोंद फुगेल का, आणि रंग फुगणार नाही ना?

तेल लावून अर्धा तास थांबा, जुन्या प्लास्टिक कार्डाने अलगद खरवडा, साबणाने धुवा. आधी दाराच्या आतल्या कडेवर करून बघा. आपल्या भाषेत, पायलट स्टडी.