फेडचा व्याजदर आणि आपल्या घराचा हप्ता



"फेडने दर बदलले" अशी बातमी आली की आपल्या गप्पांत घराच्या कर्जाचा विषय हमखास निघतो. या दोन्हींचा संबंध थोडक्यात समजून घेऊ या.

पैसा म्हणजे नुसत्या नोटा नव्हेत. रोकड, चेकिंग आणि सेव्हिंग खाती, छोट्या मुदत ठेवी वगैरेंच्या बेरजेला अमेरिकेत 'एम-टू' म्हणतात. बँक कर्ज देते तेव्हा ती रक्कम कुणाच्या तरी खात्यात जमा होते, म्हणजे नवा पैसा तयार होतो. फेड ठरवते तो दर बँकांच्या आपसातल्या एका रात्रीच्या कर्जाचा. तो वाढला की कर्जं महागतात आणि पैशाची वाढ मंदावते.

करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, फेडने हा दर जवळजवळ शून्यावर आणला आणि प्रचंड प्रमाणात सरकारी रोखे विकत घेतले. सरकारनेही घरोघरी चेक पाठवले. फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १५.४ लाख कोटी डॉलर असलेला एम-टू दोन वर्षांत २१ लाख कोटींच्या पुढे गेला. मालाचा पुरवठा मात्र अडखळलेला होता. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली, चाळीस वर्षांतली सर्वाधिक. मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये फेडने ११ वेळा वाढ करून दर ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर नेला.

पैसा वाढला की महागाई येतेच, असं मात्र नाही. २००८ नंतरही फेडने भरपूर रोखे घेतले, पण तो पैसा बराचसा बँकांच्या राखीव खात्यांत पडून राहिला.

उलट औषधही कडू असतं. १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांनी पैशाच्या वाढीला लगाम घातला. १९८१ मध्ये घरकर्जाचा दर १८ टक्क्यांवर गेला. महागाई उतरली, पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली. त्या काळात इथे घर घेतलेल्या आपल्या ज्येष्ठांना हे आठवत असेल.

आता आपला हिशोब. चार लाख डॉलरच्या ३० वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता ३ टक्क्यांनी सुमारे १,६८६ डॉलर, तर ७ टक्क्यांनी २,६६१ डॉलर!

आणखी एक. फेडने दर उतरवला की घरकर्ज लगेच स्वस्त होतंच असं नाही. ते दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या मागे चालतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये फेडने दर एक टक्क्याने उतरवला, तरी घरकर्जाचे दर वाढलेच. तेव्हा "दर उतरणारच आहेत, मग रिफायनान्स करू" या भरवशावर न झेपणारं घर घेऊ नये. हप्ता आजच्या दराने झेपतो का, हे आधी पाहावं. आणि कर्ज बदलत्या दराचं असेल तर दर कधी आणि किती वाढू शकतो, ते कागदपत्रांत वाचूनच सही करावी.