जी प्रथिने

जी प्रथिने ही पेशीपटलाच्या आतील बाजूस असणारी आणि पेशीबाहेरील संदेश आत पोहोचविणारी प्रथिने आहेत. ग्वानोसिन डायफॉस्फेट (जीडीपी) व ग्वानोसिन ट्रायफॉस्फेट (जीटीपी) या ग्वानिनयुक्त रेणूंशी ती बद्ध होतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. त्यांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

रचना व कार्य

जी प्रथिनाचे आल्फा, बीटा व गॅमा असे तीन घटक असतात. विश्रांत अवस्थेत ते एकत्र असून आल्फा घटकाला जीडीपी जोडलेला असतो. संप्रेरके पेशीत सहसा शिरत नाहीत; ती पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेल्या ग्राही प्रथिनाला बाहेरून चिकटतात. त्यामुळे ग्राहीचा आकार बदलतो, आल्फा घटकातील जीडीपी सुटतो व त्या जागी जीटीपी येतो. मग आल्फा घटक इतर दोघांपासून विलग होऊन पुढील विकरास चालना देतो. काही वेळाने आल्फा घटक स्वतःच जीटीपीचे विघटन करून जीडीपी बनवितो आणि संदेश थांबतो.

प्रकार

जीएस प्रथिन ॲडिनिलिल सायक्लेज या विकरास उत्तेजित करून चक्रीय एएमपी वाढविते. जीआय ते रोखते. ॲड्रिनॅलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात ते जीएसमार्फत, तर ॲसिटिलकोलिनमुळे मंदावतात ते जीआयमार्फत. जीक्यू प्रथिन फॉस्फोलिपेज-सी या विकराद्वारे पेशीतील कॅल्शियम वाढविते.

पटकी आणि जी प्रथिने

पटकीच्या (कॉलरा) जंतूचे विष आतड्याच्या पेशींतील जीएसच्या आल्फा घटकात रासायनिक बदल घडविते. त्यामुळे जीटीपीचे विघटन होत नाही व संदेश थांबत नाही. चक्रीय एएमपी वाढत राहते, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात वाहून जाते. उपचार न झाल्यास रुग्ण काही तासांतही दगावू शकतो.

हे विष प्रयोगाने सिद्ध करण्यात मुंबईचा वाटा आहे. परळच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे व डी. आर. कुलकर्णी यांनी १९५९ मध्ये सशांच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीतील विषाची भूमिका दाखविली. त्याच वर्षी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनीही जंतुविरहित द्रावाने आतड्यात द्रव साचतो हे सिद्ध केले. त्या वेळी जी प्रथिने अज्ञात होती. विषाचा नेमका परिणाम कशावर होतो, हे पुढे कळले.

पटकीतही ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषून घेणारी आतड्यातील यंत्रणा शाबूत राहते. साखर व क्षार यांचे योग्य प्रमाण असलेली जलसंजीवनी याच आधारावर परिणामकारक ठरते. ती बिघडलेले जी प्रथिन दुरुस्त करत नाही. बाधित पेशी झडून नव्या येईपर्यंत शरीरातील पाणी टिकवून धरते.