वरळीचा दगडी बेडूक : नमुना, नोंद आणि विद्वत्सभा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• नमुना आणि नोंद यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• एकोणिसाव्या शतकातील मुंबईत विद्वत्सभांमार्फत चाललेल्या ज्ञानव्यवहाराचे स्वरूप सांगता येईल;
• शास्त्रीय नामकरणात कोणाचे नाव टिकते आणि कोणाचे टिकत नाही, याचा विचार करता येईल.

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ (१८४०) आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ (१८५०) या मासिकांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. भूगोल, विज्ञान असे विषय या मासिकांनी मराठी वाचकापर्यंत आणले. नेमक्या याच काळात मुंबई बेटावर ज्ञाननिर्मितीचा आणखी एक व्यवहार चालू होता. हौशी संग्राहक खाणीतून, खोदकामातून, डोंगरउतारावरून दगड, खनिजे आणि जीवाश्म गोळा करीत, त्यांवर टिपण लिहीत आणि ते एखाद्या विद्वत्सभेकडे पाठवीत. या व्यवहाराची भाषा मराठी नव्हती. पण त्याची सामग्री मात्र वरळीच्या टेकडीतून येत होती. तेथे सापडलेल्या दोन प्राण्यांच्या अवशेषांच्या आधारे हा व्यवहार आपण समजून घेऊ.

१. सभा आणि संग्राहक

सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने १८०४ साली परळ येथे ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. हीच संस्था पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलमध्ये तिला जागा मिळाली आणि १८४१ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. १८३१ साली मुंबईत भौगोलिक सोसायटीही सुरू झाली होती. खुद्द लंडनमध्ये भूविज्ञानाला वाहिलेली जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ पासून कार्यरत होती.

या सभांना निबंध आणि नमुने पुरविणारे बहुतेक जण व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हते. ते लष्करी शल्यवैद्य, अभियंते, धर्मोपदेशक किंवा पत्रकार होते. सभेचे दार सर्वांना उघडे नव्हते. मुंबई शाखेत पहिल्या भारतीय सभासदाचा, माणकजी करसेटजी यांचा, प्रवेश १८४० साली झाला. त्यामुळे दगड कोणीही उचलला तरी तो सभेपुढे कोण मांडणार, हे आधीच ठरल्यासारखे होते.

२. वरळीचे बेडूक

मुंबईचे खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. दोन उद्रेकांमधील विश्रांतीच्या काळात सखल जागी पाणी साठे, तळ्यात गाळ जमे, त्यात वनस्पती आणि प्राणी पुरले जात. पुढच्या लाव्ह्याने तो गाळ झाकला जाई. अशा गाळापासून तयार झालेल्या थरांना ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. मलबार हिलपासून वरळीपर्यंतच्या टेकड्यांच्या रांगेत असे थर आढळले आहेत.

वरळीच्या या थरातील गडद रंगाच्या शेल खडकात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. जॉर्ज टॉमस क्लार्क या अभियंत्याने मुंबई परिसराच्या भूविज्ञानाविषयीचे आपले लेखन लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे दिले होते. मुंबईचे सांडपाणी आणि नियोजित रेल्वेमार्ग यांची पाहणी हे त्याचे येथील काम होते. त्याच्या लेखनाला जोडूनच १८४७ साली रिचर्ड ओवेन या प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाने या बेडकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना ‘राना पुसिला’ हे नाव दिले. ‘पुसिला’ म्हणजे चिमुकला.

हे नाव कायम राहिले नाही. १९३० साली जी. के. नोबल यांनी या बेडकांचा पुन्हा अभ्यास केला. हे प्राणी ‘राना’ या प्रजातीत बसत नाहीत, असे त्यांना आढळले आणि त्यांनी ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणजे ‘भारतीय बेडूक’ ही नवी प्रजाती स्थापन केली. ओवेनचा निष्कर्ष त्र्याऐंशी वर्षांनी बदलला; तो बदलता आला, कारण नमुने जपलेले होते आणि ते कोठल्या थरातले आहेत हे लिहिलेले होते. निष्कर्ष चुकला तरी नमुन्याचे मोल कमी होत नाही. ठिकाणाची नोंद हरवली तर मात्र ते मोल भरून काढणे फार अवघड होते.

३. लीथ यांचे कासव

हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हे मुंबई सरकारच्या सेवेतील शल्यवैद्य होते. १८५२ साली मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा मुंबई बेटाच्या भूविज्ञानावरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. बेटावरील खडकांचे थर कोणत्या क्रमाने लागतात आणि कोणत्या थरात कोणते अवशेष मिळतात, याचा त्यात विचार आहे. हे थर गोड्या पाण्यात साचले, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. चहूकडे समुद्र असलेल्या बेटावर हा निष्कर्ष सहज सुचणारा नव्हता. समुद्रकाठी सापडलेला एखादा सुटा दगड पाहून तो सागरी असावा, असेच कोणी म्हटले असते.

याच निबंधात कार्टर यांनी एका जीवाश्म कासवाचे वर्णन केले आणि मुंबईतील वैद्य डॉ. ए. एच. लीथ यांच्या गौरवार्थ त्याला ‘टेस्टुडो लीथिआय’ असे नाव दिले. पुढे १९५३ साली अर्नेस्ट विल्यम्स यांनी या कासवासाठी ‘कार्टेरेमिस’ म्हणजे ‘कार्टरचे कासव’ ही प्रजाती स्थापन केली. अशा रीतीने ‘कार्टेरेमिस लीथिआय’ या एकाच नावात दोन वैद्य एकत्र आले.

या नावाची आणखी एक कथा उद्बोधक आहे. १८६९ साली आल्बर्ट ग्युंथर यांनी एका विद्यमान कासवालाही ‘टेस्टुडो लीथिआय’ हेच नाव दिले. तो नमुना सिंध प्रांतातला मानला गेला होता. वस्तुतः ही जात ईजिप्त आणि लिबिया या भागांतली आहे. एकच नाव दोन जातींना देता येत नाही आणि आधीच्या नावाचा मान राखला जातो, या नियमामुळे ग्युंथर यांचे नाव रद्द ठरले. आज ते कासव १८८३ साली दिलेल्या ‘टेस्टुडो क्लाइनमानी’ या नावाने ओळखले जाते. ठिकाणाची नोंद चुकली, तर जिवंत प्राणीसुद्धा परक्या प्रांतात जाऊन बसतो, हे यावरून ध्यानात येईल.

४. नागपूरचा दुवा

हा व्यवहार मुंबईपुरता नव्हता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्या परिसरातील खडक आणि जीवाश्म गोळा केले. त्यांविषयीचा दोघांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजनाम त्यांच्यावरूनच पडले. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याला १८५८ साली ‘हिस्लोपिया’ हे नाव देणारे वर्णनकार म्हणजे आपले कार्टरच. संग्राहक एकमेकांना नमुन्यांप्रमाणे नावेही देत होते.

५. नावात कोण नाही?

ओवेन, नोबल, कार्टर, लीथ, हिस्लॉप ही नावे ग्रंथांत, प्रजातींत किंवा खनिजांत टिकली. परंतु टेकडी फोडण्याचे आणि दगड वाहण्याचे काम करणाऱ्यांचे नाव कोणत्याही जातीला मिळाले नाही. त्यांच्या बोलीत ‘काळवत्री’, ‘मुरूम’, ‘गोटा’ असे खडकांचे भेद दर्शविणारे शब्द होते. लॅटिन नामावलीत या शब्दांना जागा नव्हती. जी नोंद नमुन्याला ज्ञानाचा दर्जा देते, तीच नोंद कोणाला लेखक ठरवायचे आणि कोणाला वगळायचे हेही ठरविते. म्हणून जुनी नोंद वाचताना तिच्यातील अचूकतेचा आदर आणि तिच्यातील मौनाची जाणीव, दोन्ही आवश्यक आहेत.

सारांश

नमुना म्हणजे केवळ वस्तू नव्हे. वस्तू आणि तिच्या ठिकाणाचे टिपण मिळून नमुना होतो. आज वरळीच्या टेकडीवर दाट वस्ती आहे. त्यामुळे तेथील प्राचीन तळ्याचा पुरावा मुख्यतः जपलेल्या दगडांत आणि त्यांवरील नोंदींत उरला आहे. त्या चार ओळी हे विवेचक गद्याचे सर्वांत छोटे आणि सर्वांत जबाबदार रूप होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘निष्कर्ष चुकला तरी नमुन्याचे मोल कमी होत नाही’ हे विधान वरळीच्या बेडकांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘टेस्टुडो लीथिआय’ या नावाच्या दोन उपयोगांतून नोंदीचे महत्त्व कसे दिसते?
३. आपल्या परिसरातील दगड, माती आणि मुरूम यांची बोलीतील नावे गोळा करा व प्रत्येकासोबत ठिकाण, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, लिहा.