कर थकलेले घर विकताना

घराचा कर थकला की घर विकता येत नाही, अशी समजूत गोंदिया जिल्ह्यातही आहे. ती खरी नाही. थकबाकी असलेले घर विकता येते, त्यावर कर्जही काढता येते. मात्र बाकी कोणाची, किती आणि कोणत्या कागदावर चढली आहे, हे आधी उघड करावे लागते.

सुरुवात बिलापासून करा. गोंदिया आणि तिरोडा शहरांत बिल नगर परिषदेचे असते, गोरेगाव, देवरी, सालेकसा अशा तालुक्याच्या गावी नगर पंचायतीचे आणि खेड्यात ग्रामपंचायतीचे. शहरातल्या बिलात चालू मागणी, मागील बाकी आणि शास्ती हे आकडे वेगवेगळे पाहावेत. विकणाऱ्याच्या ध्यानात बहुधा मागील बाकीच असते. पण 1965 च्या नगर परिषद अधिनियमाखाली थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. समजा 20,000 रुपये थकले, तर महिन्याला 400 आणि वर्षाला 4,800 रुपये वाढले. म्हणून जुन्या बिलावर सौदा ठरवू नये. कर विभागाकडून ठरलेल्या तारखेपर्यंतचा आकडा लेखी घ्यावा, आणि शास्तीमाफीची अभय योजना चालू आहे का, हेही तिथेच विचारावे.

ही बाकी भरायची कोणी? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणे विकणाऱ्याने भरायचे असते. पण वसुलीवाले येतात ते घराच्या दारात. अहमदाबाद महापालिकेच्या एका खटल्यात 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने लिलावात घर घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. आधीच्या मालकाच्या थकबाकीची त्याला कल्पना नव्हती, म्हणून तो बोजा त्याच्यावर लादता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. या निकालावर विसंबून कोणी घर घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कल्पना नव्हती हे कोर्टात ठरेपर्यंत वर्षे जातात.

त्यापेक्षा साठेखतातच लिहावे की थकबाकीची रक्कम खरेदीदार थेट नगर परिषदेत भरेल आणि ती ठरलेल्या किमतीतून वजा होईल. पावतीचा क्रमांक आणि तारीख खरेदीखतात घालावी. ‘बाकीचं नंतर बघू’ या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत.

जुने गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचे असेल किंवा वाढवून हवे असेल, तर बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो आणि बँक चालू वर्षाची कराची पावती मागते. बाकी मोठी असेल तर मंजूर कर्जातून ती थेट भरण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे बँकेच्या हातात असते.

राईस मिलवाल्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या घरावर आयकराची कारवाई चालू असेल, तर गोष्ट गंभीर होते. विक्रीपूर्वी कर निर्धारण अधिकाऱ्याची परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग. आधीच बँकेकडे गहाण असलेल्या मालमत्तेवर बँकेचा हक्क आधी की विक्रीकर खात्याचा, हा वाद जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला होता. 2022 साली पीठाने केंद्रीय नोंदवहीत गहाणाची नोंद केलेल्या बँकेला अग्रक्रम दिला.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पैसे भरल्यानंतर. वसुलीसाठी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा मिळकत पत्रिकेवर चढलेला बोजा पावती मिळाली म्हणून आपोआप उतरत नाही. ज्या खात्याने तो चढवला, त्याचे ‘बोजा कमी करावा’ असे पत्र लागते. सातबाऱ्यासाठी ते तलाठ्याकडे देऊन फेरफार धरावा लागतो. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मिळकत पत्रिकेचे काम भूमि अभिलेख कार्यालयात होते. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि बेबाकी दाखला दोन्ही घ्यावेत.

म्हणून पैसे भरता त्याच दिवशी पत्रासाठी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि बोजा उतरलेला नवा उतारा हाती आल्यावरच दुय्यम निबंधकाकडे खरेदीखताची तारीख ठरवा.