मेंढी न्यूझीलंडची, बोकड छावणीच्या बाजारचा

न्यूझीलंडशी व्हावयाच्या व्यापारकराराची बोलणी पूर्ण झाल्याचे 22 डिसेंबर 2025 रोजी जाहीर झाले, तेव्हापासून दूधदुभते, सफरचंदे आणि किवी यांच्याविषयी इतके लिहून आले आहे की त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु मेंढीच्या मांसावरील आयातशुल्क अंमलाच्या पहिल्याच दिवशी उठवण्याची जी तरतूद त्याच मसुद्यात आहे, तिच्याकडे शेळ्यामेंढ्यांवर ज्याच्या कोरडवाहू कुटुंबांची निम्मी पत अवलंबून असते अशा मराठवाड्याने द्यावे तितके लक्ष अद्याप दिलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ही गोष्ट यापूर्वीच घडून गेली. 2 एप्रिल 2022 रोजी सह्या झालेला तो करार 29 डिसेंबर 2022 पासून अमलात आला आणि मेंढीच्या मांसावरील 30 टक्के जकात त्याच दिवशी शून्यावर आली. त्यावेळी कोणी हाकाटी केली नाही, आणि आताही होईल असे दिसत नाही.

जकात उठली म्हणून आमच्या शहराच्या शहागंजातील दुकानांत उद्यापासून परदेशी मांस टांगलेले दिसेल, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. हे मांस बहुतांशी गोठवलेल्या स्थितीत, केंद्रीय पशुसंवर्धन खात्याच्या परवान्यानिशी येते, बंदरावरील संगरोध केंद्राच्या तपासणीतून सुटते, आणि पुढे शीतगृहाची साखळी कोठेही न तुटता ज्या मुदपाकखान्यांपर्यंत पोचू शकते ते आमच्या शहरात वेरूळ-अजिंठ्याच्या परदेशी प्रवाशांसाठी चालणाऱ्या मोठ्या हॉटेलांपलीकडे फारसे नाहीत. त्याहून मोठा अडथळा मात्र अभिरुचीचा आहे. आमच्याकडचा गिऱ्हाईक मटण मागतो तेव्हा त्याच्या मनात बोकड असतो, त्यातही खस्सी केलेला, आणि न्यूझीलंड पाठवणार ते मेंढीचे कोकरू. मेंढीच्या चरबीत काही विशिष्ट शाखायुक्त मेदाम्ले असतात आणि वयाबरोबर ती वाढत जातात. रश्श्याला जो उग्र दर्प येतो तो त्यांचाच. वर्षाच्या आतल्या कोकरात तो सौम्य असतो हे खरे, परंतु गोठवण्याचा परिणाम वेगळाच आहे. मांसपेशींतील पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशीपटले फाडतात, आणि मांस वितळताना त्यातील रस भांड्याच्या तळाशी वाहून जातो. आचेवर झटपट भाजलेल्या जाड तुकड्याला हे काही अंशी खपते. परंतु तासन्‌तास मंद विस्तवावर नळीतील मगज आणि हाडांतील चिकटपणा उतरवून ज्या पदार्थांना अंग येते, त्यांना ते खपत नाही.

आणि या शहराचा मानबिंदू असलेला नान-खलिया अशाच पदार्थांपैकी आहे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस हलवली त्या लष्करी प्रवासाशी लोकपरंपरा त्याचा उगम जोडते. परंपरेचा दाखला बाजूला ठेवला तरी मोठ्या डेगेत, मोठ्या जमावासाठी, कठीण मांस मऊ करण्याची ही रीत छावणीतून जन्मलेली आहे हे तिच्या अंगावरच दिसते. तंदुरातून काढलेली नान आणि वर लाल तरी तरंगणारा खलिया हा मूळचा ‘बडे का’, म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाचा. ‘छोटे का’ म्हणजे बोकडाचा खलिया अनेक ठिकाणी त्यानंतर आला. 1976 च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईपुरती असलेली बंदी 2015 च्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही लागू झाली, तेव्हापासून ‘बडे का’ याचा कायदेशीर अर्थ म्हैस आणि रेडा एवढाच उरला. त्या दुरुस्तीत राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे 5-ड हे कलम होते. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती सुरेश गुप्ते यांनी कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र हे कलम नागरिकाच्या खाजगीपणावर आक्रमण करणारे म्हणून रद्दबातल केले. बाहेरचे मांस आणि इथले मांस हा भेद आमच्याकडे कस्टमच्या नाक्यावर ठरण्यापूर्वी न्यायालयात ठरला आहे, एवढे या निमित्ताने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परदेशी मांस दारी येण्याच्या अशा प्रसंगी मला थायलंडचे उदाहरण वारंवार आठवते, आणि ते आमच्या वाचकाला वाटते तितके परके नाही. 2023 च्या आरंभी तेथील 110 भिक्षू परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत पायी गेले तेव्हा त्यांच्या भिक्षापात्रात सामिष अन्न चालते हे पाहून मराठवाड्यातील पुष्कळांना आश्चर्य वाटले होते. थेरवादाच्या विनयानुसार, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांनुसार, ज्या प्राण्याचा वध आपल्यासाठी झाल्याचे भिक्षूने पाहिलेले, ऐकलेले वा शंकिलेले नसेल त्याचे मांस त्याला वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते हत्ती, घोडा, कुत्रा, साप, वाघ, सिंह आदी दहा प्रकारचे. उपासकांच्या घरी मात्र निराळेच नियम दिसतात. चिनी वंशाची अनेक थाई कुटुंबे कुआन-इम या करुणादेवतेच्या भक्तीपोटी गोमांस सोडतात, आणि नांगराला जुंपलेल्या जनावराविषयीची जी कृतज्ञता आमच्या पोळ्यात दिसते तिचाच अंश मध्य थायलंडच्या भातशेतकऱ्यांतही आहे. म्हणून त्या देशाचे रोजचे मांस डुकराचे आणि कोंबडीचे. ईशान्येकडील इसान प्रदेश तेवढा गोमांसाचा रसिक, आणि त्याची आवड ताज्या मांसाची आहे. पहाटे कापलेले, अद्याप न थंडावलेले मांस बारीक चिरून, त्यात भाजलेल्या तांदळाची भरड, लिंबू, मिरची आणि प्रसंगी पित्ताचा कडवटपणा मिसळून जो ‘लाप’ होतो, त्याला शीतपेटीतील मांस कामाचे नाही. चावायला लागणारे मांस त्यांना दोष वाटत नाही, गुण वाटतो.

आता या देशाने 1 जानेवारी 2005 पासून ऑस्ट्रेलियाशी आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून न्यूझीलंडशी मुक्त व्यापार पत्करला, आणि गोमांसावरील जकात टप्प्याटप्प्याने उतरवत शून्यावर आणली. बँकॉकच्या भाजणीच्या खानावळी परदेशी, चरबीच्या रेषांनी भरलेल्या मांसाकडे वळल्या. पहाटेच्या बाजाराने आपली वाट सोडली नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये साकोन नाखोन प्रांतातील शेतकऱ्यांनी तिसरी वाट काढून ठेवलेली होती. 1980 मध्ये फ्रान्सच्या साहाय्याने स्थापन झालेल्या पोन यांग खाम या सहकारी संस्थेने परदेशातून मांस आणले नाही, शारोले वळूंचे रेत आणले. स्थानिक गाईंशी संकर केला, जनावरे सभासदांच्याच गोठ्यात वाढवली, मांस शीतगृहात मुरवून त्याची प्रतवारी लावली आणि आपल्या नावाने विकले. आज थाई माणूस आपल्या देशातील उत्तम गोमांस म्हणून ज्यांची नावे घेतो त्यांत या संस्थेचे नाव अग्रभागी आहे, आणि तेथे सहकारी संस्था म्हणजे काय हे आम्हा महाराष्ट्रीयांना समजावून सांगण्याची गरज पडू नये.

थायलंडच्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी 2022 मध्ये तेथे आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ अधिकृतरीत्या मान्य झाली, डुकराच्या मांसाचे भाव कडाडले, आणि 2023 मध्ये लाम चाबांग बंदरात बेकायदा आणलेल्या, गोठवलेल्या डुकराच्या मांसाचे 161 कंटेनर सापडले. अमेरिकेच्या मांसाला दार उघडावे म्हणून त्या देशावर वर्षानुवर्षे दबाव येत राहिला आहे, आणि तेथील वराहपालक त्याला दोन कारणांनी भितात. एक कारण मांसातील चरबी कमी करणाऱ्या रॅक्टोपामीन या औषधाचे, ज्यावर थायलंडात बंदी आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: मुंडी, आतडी, काळीज हे जे भाग अमेरिकेत जवळजवळ कोणी खात नाही ते थायलंडात चवीने खाल्ले जातात, आणि म्हणून अमेरिकन विक्रेता ते अशा भावाने देऊ शकतो की स्थानिक पाळणाऱ्याचा हिशेब कोलमडावा. आमच्याकडेही मुंडी, पाया, वजडी आणि कलेजी यांना स्वतंत्र भाव आहे, आणि बोकडाच्या सौद्यात खाटकाचा नफा पुष्कळदा या भागांतूनच निघतो. परदेशी कोकराच्या मांडीला मराठवाड्याने भिऊ नये. धोका आलाच तर तो या बाजूने येईल, आणि पुढील वाटाघाटींत आमच्या प्रतिनिधींनी या पदार्थांच्या स्वतंत्र शुल्कसूचीवर डोळा ठेवला पाहिजे.

मांस आणण्यापेक्षा गुण आणावा, हा पोन यांग खामचा विचार महाराष्ट्रात फलटण येथे बनबिहारी विष्णू निंबकर यांनी ज्या चिकाटीने प्रत्यक्षात उतरवला, ती हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती. 1968 मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन करणाऱ्या आणि 2006 मध्ये पद्मश्रीने गौरवल्या गेलेल्या या संशोधकाच्या आणि त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांच्या समोर प्रश्न होता तो दख्खनी मेंढीचा. ती काटक, पल्लेदार चालीची, धनगराबरोबर मैलोन्‌मैल हिंडणारी. परंतु एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांच्या बुरूला नावाच्या कळपात एकाहून अधिक कोकरे देण्याचा आनुवंशिक गुण प्रसिद्ध होता, आणि त्याचा माग काढता काढता शास्त्रज्ञ जेथे पोचले ते ठिकाण म्हणजे आपला बंगाल: 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियास गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून तो गुण तिकडे पोचला असावा, आणि सुंदरबनातील ठेंगण्या गरोळ मेंढीत तो आजही आहे. 1998 पासून ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात फलटणला हा गुण गरोळ मेंढीकडून दख्खनी मेंढीत उतरवला गेला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा त्यात सहभाग राहिला, आणि ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार झाली. निंबकरांच्या कामाचे मोल मला विशेष वाटते ते अशासाठी की कळप प्रयोगशाळेच्या कुंपणात न ठेवता तो धनगरांच्या वाड्यांत दिला गेला, आणि जुळ्या कोकरांना दूध अपुरे पडते, मेंढीला वरखुराक लागतो, लसीकरण चुकले तर लाभाचा तोटा होतो, हे सारे तेथेच, त्यांच्याबरोबर तपासले गेले. ज्या देशाचे मांस आता आमच्या बंदरात जकातमुक्त उतरते आहे त्या देशाच्या कळपात आमचेच बीज आहे, ही गोष्ट वाटाघाटीच्या मेजावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

मराठवाड्याच्या उस्मानाबादी शेळीला तर असा गुण बाहेरून आणण्याचीही गरज नाही. ती जुळी देते, दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर तगते, आणि धाराशिव, लातूर, बीडपासून आमच्या जिल्ह्यापर्यंत कोरडवाहू कुटुंबाला अडीअडचणीत रोख पैसा देते. 2019 च्या पशुगणनेत देशात 14 कोटी 88 लाख शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांतील एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. 1978 मध्ये स्थापन झालेल्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे, ज्याला आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे, एक प्रक्षेत्र शहराला लागून पडेगाव येथेच आहे. वाण आहे, संस्था आहे, मागणी आहे. नाही ती मांसाची प्रतवारी, आणि तपासणी आहे ती कोणासाठी, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

कारण मांस कसे हाताळावे हे या जिल्ह्याला उत्तम कळते. पैठण रस्त्यावरील अलाना समूहाच्या कारखान्यातून म्हशीचे मांस परदेशी जाते, आणि तेथे पाळावे लागणारे नियम कडक आहेत. जनावराची कत्तलीपूर्वी आणि कत्तलीनंतर पशुवैद्यकाकडून तपासणी होते. धड 2 अंशांहून अधिक तापमानात किमान 24 तास मुरू दिले जाते, जेणेकरून स्नायूंतील आम्लता वाढून सामू 6 च्या खाली जावा आणि लाळ्या-खुरकताचा विषाणू तेथे टिकू नये. त्यानंतर हाडे व लसीकाग्रंथी काढून टाकल्या जातात, कारण तेथे तो विषाणू तग धरू शकतो. भारतातून म्हशीचे मांस बिनहाडाचेच निर्यात होते ते यामुळे. 2014-15 मध्ये ही निर्यात सुमारे पावणेपाच अब्ज डॉलरची होती, आणि व्हिएतनाम, मलेशिया यांसारख्या देशांत आमच्याच म्हशीचे मांस ‘आयात मांस’ म्हणून, तेथील स्थानिक मांसापेक्षा स्वस्त म्हणून, विकले जाते. क्वालालंपूरच्या गिऱ्हाइकासाठी जी दक्षता आम्ही घेतो ती आमच्याच शहरातील सिल्लेखान्याच्या गिऱ्हाइकाला का मिळू नये? उघड्यावर, रस्त्याच्या धुळीत टांगलेले धड, ज्यावर तपासणीचा शिक्का आहे की नाही हे कोणी पाहत नाही, हे ताजेपणाच्या आवडीचे अपरिहार्य मोल आहे असे मी मानत नाही. पहाटे कापलेले मांस तपासलेलेही असू शकते. महानगरपालिकेने पुरेसे पशुवैद्यक नेमले, कत्तलखान्यात पाणी व निचऱ्याची सोय केली आणि दुकानदारांना काचेची शीतकपाटे घेण्यास साहाय्य केले, तर कुरेशी समाजातील ज्या कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या कौशल्याने सांभाळला आहे त्यांचेही हित त्यात आहे.

आणि पाळणाऱ्याच्या बाजूने पहिली सुधारणा कोणती करावी असे विचारले तर मी आमच्या शहराच्या छावणी भागातील गुरुवारच्या बाजाराकडे बोट दाखवीन. मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत बोकडाचा सौदा बहुधा अजूनही नजरेच्या अंदाजाने होतो. दलाल पाठीवरून हात फिरवतो, कमरेचे हाड दाबून पाहतो, आणि रुमालाखाली बोटे धरून आकडा ठरतो. त्या अंदाजात दलालाचा हात पिढ्यांनी मुरलेला असतो, वर्षातून दोनचार जनावरे विकणाऱ्या विधवेचा किंवा अल्पभूधारकाचा नसतो. परदेशी मांसाची किंमत किलोवर ठरून बंदरात येते, आणि तिच्याशी तुलना करावयाची तर आमच्या बोकडाची किंमतही किलोवर ठरली पाहिजे. जिवंत वजन मोजणारा साधा काटा, दात पाहून वयाची नोंद, लसीकरणाचा दाखला आणि त्या दिवसाचा दर लिहिलेला फळा, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक आठवडी बाजारात सक्तीच्या करण्यास कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची अडचण नाही. फी तर बाजार आजही घेतोच. काट्याचा खर्च त्यातूनच निघावा.