पोरगं चुकलं तर पुढं काय?

आजचा विषय जरा अवघड आहे. आपल्या घरातल्या, शेजारच्या पोराचं नाव चोरीत किंवा मारामारीत आलं, तर काय करायचं, त्याबद्दल बोलू या.

समजा, शहाद्याकडच्या एका गावात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्याला भाव असतो. केबल जाळायची, तांबं काढायचं, भंगारात विकायचं. त्यात एक सोळा वर्षांचा पोरगा सापडला. आईबाप दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. गावात मग दोन आवाज निघतात. कोणी म्हणतं, पोलिसांत द्या, चार दिवस आत बसला की अक्कल येईल. कोणी म्हणतं, पोलीस नको, पंच बसवू, दंड घेऊ आणि मिटवून टाकू. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. आपल्याला ती माहीत नसते, एवढंच.

२०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला आरोपी म्हणत नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जिभेला जड आहे, पण अर्थ साधा आहे: कायद्याशी ज्याचा झगडा झाला असं लेकरू. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत एक तरी बाई असावीच लागते.

केबलचोरीसारखा, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा कायद्याच्या भाषेत किरकोळ असतो. अशा वेळी नियम असा, की मुलावर एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडायचा आणि तो मंडळाकडे पाठवायचा. मात्र सोबत मोठं माणूस असेल तर एफआयआर होतो. आणि खरं सांगायचं तर पोरांच्या चोरीमागं पुष्कळदा कुणीतरी मोठा असतोच. पोराला पुढं करून काम करवून घेणाऱ्या त्या मोठ्याला याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. गाव पोराला झोडपतं आणि त्या माणसाला विसरतं, हे काही मला पटत नाही.

मंडळापुढं गेल्यावर मुलाला जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. सुटल्यावर तो पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल किंवा त्याच्याच जिवाला धोका होईल, अशी कारणं असतील तरच नाकारतात. जामीन मिळाला, पण अट पुरी करायला घरात पैसा नाही, तर? सात दिवसांत अट पुरी झाली नाही तर मुलाला परत मंडळापुढं आणून अट बदलावी, असं कलम बारामध्ये लिहिलेलं आहे. गरिबीपायी पोरगं निरीक्षण गृहात पडून राहू नये, म्हणून ही सोय आहे. वकील फुकट मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. मुलाला मराठी नीट येत नसेल, तो भिली किंवा पावरी बोलत असेल, तर दुभाषी मागता येतो. मागायला लाजू नका. न समजता ‘हो’ म्हणणारी पोरं फार असतात.

आता गाव कुठं येतं, ते ऐका. मूल पहिल्यांदा मंडळापुढं आलं, की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. परिविक्षा अधिकारी घरी येतात, शेजारी विचारतात, शाळेत जातात. मुलगा कसा आहे, कोणासोबत फिरतो, शाळा का सुटली, घरात दारू आहे का, सांभाळायला कोण आहे? तेव्हा अंगणवाडीताई, आशाताई, शेजारची काकी काय बोलते, त्याला वजन असतं. आपण मात्र दार लावून घेतो. ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणतो. मग अहवालात लिहिलं जातं, की सांभाळायला कोणी नाही. आजी म्हातारी, आईबाप उसाच्या फडात, आणि गावातलं एकही माणूस पुढं आलं नाही. मुलगा संस्थेत जाण्याची शक्यता तिथं वाढते. त्याच जागी एखाद्या मामानं किंवा गुरुजींनी ‘मी लक्ष ठेवतो’ असं सांगितलं, तर मंडळ त्याला पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडू शकतं.

मुलाची चूक निघाली तरी मंडळापुढं पर्याय बरेच असतात. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, दंड, समाजसेवा. चौदा वर्षांवरच्या मुलाला बागेची निगा राखणं, म्हाताऱ्या माणसांची सेवा, दवाखान्यात मदत अशी कामं देता येतात. विशेष गृहात पाठवणं हा शेवटचा उपाय, तोही जास्तीत जास्त तीन वर्षं.

पुण्याच्या कल्याणीनगरात मे २०२४ मध्ये भरधाव गाडीनं दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि सगळा महाराष्ट्र संतापला. तो राग समजण्यासारखा होता. पण त्यामुळं लोकांच्या डोक्यात बसलं, की मुलांचा कायदा म्हणजे निबंध लिहून सुटणं. तसं नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं खून, बलात्कार यांसारखा निर्घृण गुन्हा केला असेल, तर मंडळ आधी त्याची मानसिक क्षमता आणि समज तपासतं आणि त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं.

मग आपले पंच? पंच बसवणं ही आपल्याकडची जुनी रीत. १९९६ च्या पेसा कायद्यानंही ग्रामसभेला आपल्या रूढीप्रमाणं तंटे सोडवायला मान्यता दिली आहे. पुढं २००७ मध्ये राज्यानं तंटामुक्त गाव मोहीम काढली, गावोगाव समित्या झाल्या. चार जाणती माणसं झाडाखाली बसतात, दोन्ही घरं समोर येतात, बोलणं होतं, हे मला मोलाचं वाटतं. कोर्टात ज्याची केबल गेली त्याला कोण विचारतं? त्याचं पाणी आठ दिवस बंद राहिलं, पीक सुकलं, हे मुलाला कधी कळतच नाही.

पण दंडाचं काय होतं बघा. दंड ठरतो पाच हजार. बाप उचल घेऊन भरतो, पुढच्या हंगामात जास्त ऊस तोडतो. पोरानं काय केलं? काहीच नाही. शिवाय पंचांत बायका किती असतात? मुलाच्या आईला बोलू देतात का?

न्यूझीलंडमध्ये माओरी नावाचे आदिवासी आहेत. त्यांची पोरं मोठ्या संख्येनं संस्थांमध्ये कोंडली जायची. त्यांनी आवाज उठवला आणि १९८९ मध्ये तिथल्या सरकारनं कायदाच बदलला. आता बहुतेक गंभीर प्रकरणांत मुलगा, त्याचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं तो आणि पोलीस एकत्र बसतात. मुलानं माफी कशी मागायची, नुकसान कसं भरायचं, कुठलं काम करायचं, याचा आराखडा ते मिळून ठरवतात. आपल्या पंचांसारखंच आहे. फरक एवढा, की भरपाई बापाच्या खिशातून नाही, पोराच्या हातून होते. केबलवाल्याच्या शेतात पोरानं नवी केबल टाकायला मदत केली, रोज पाणी सोडलं, तर त्याला काही समजेल.

एक गोष्ट मात्र पंचांत कधीच बसवू नका. मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर तो पैसे घेऊन मिटवायचा विषय नाही. पोक्सो कायद्याखाली माहिती असून कळवलं नाही, तर तोच गुन्हा होतो. त्या लेकराला पहिल्यांदा दवाखाना आणि सुरक्षितता लागते. १०९८ हा मुलांचा फोन रात्रीही चालतो. आणि पंचांनी एखाद्या घराला वाळीत टाकलं, तर २०१६ च्या कायद्यानं तोही गुन्हा आहे.

आपली किती पोरं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात! आयांना भीती असते, की एकदा नाव आलं म्हणजे नोकरी गेली. बाल न्याय कायद्याचं कलम चोवीस सांगतं, की मंडळापुढच्या प्रकरणामुळं मुलाला पुढं कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते कागद नष्ट करायचे असतात. मोठ्यांसारखा खटला चाललेला मुलगा तेवढा याला अपवाद. मुलाचं नाव, फोटो पेपरात छापायलाही बंदी आहे. व्हॉट्सॲपवर ‘चोर सापडला’ म्हणून फोटो फिरवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

हे सगळं मिळतं ते वय अठराच्या आत असेल तर. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आता आपल्या पाड्यांवरच्या किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे, सांगा बरं! गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजानं लिहून टाकलेली. त्या अंदाजात एखादं वर्ष जास्त लागलं असेल, तर सतरा वर्षांचं लेकरू कागदावर अठराचं होतं आणि मोठ्यांच्या तुरुंगात जातं. घरी जाऊन मुलाचा दाखला काढून बघा. तारीख चुकली असेल, तर मुलगा शाळेत आहे तोवरच पुरावा जोडून मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा अर्ज करा. शाळा सोडल्यावर ते फार कठीण जातं.