आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन: तारीख कुणाच्या घड्याळाची?

तारखेतून वर्ष, महिना, वार काढणारी फंक्शन्स डेटाबेसमध्ये तयारच असतात. पण भारतातलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. ते काढणारं फंक्शन आपल्यालाच लिहावं लागतं. आज ते पोस्टग्रेसमध्ये कसं लिहायचं ते बघू.

हिशेब सोपा आहे. तारखेतून तीन महिने वजा करा आणि येईल त्या तारखेचं वर्ष घ्या. १ एप्रिल २०२४ ची होते १ जानेवारी २०२४, म्हणजे वर्ष २०२४-२५. ३१ मार्च २०२४ ची होते ३१ डिसेंबर २०२३, म्हणजे २०२३-२४. आता कुणी विचारेल, ३१ मे असेल तर? ३१ फेब्रुवारी तर नसतेच. तिथे पोस्टग्रेस फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देतो. आपल्याला फक्त वर्ष हवंय, त्यामुळे काही बिघडत नाही.

खरी मेख पुढे आहे. समजा, एका बिलाची नोंद १ एप्रिलला पहाटे तीन वाजता झाली. टाइमझोनसह दिलेली वेळ पोस्टग्रेस यूटीसीप्रमाणे साठवतो. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे तिथे अजून ३१ मार्चच्या रात्रीचे साडेनऊच वाजलेत! कनेक्शनचा टाइमझोन यूटीसी असेल, तर आपलं फंक्शन ते बिल सरळ मागच्या वर्षात टाकेल. एरर येणार नाही, पण हिशेब चुकेल. म्हणून फंक्शनमध्ये आधी वेळ 'एशिया/कोलकाता' या झोनमध्ये आणायची, मगच तीन महिने वजा करायचे.

आणखी एक मुद्दा. या फंक्शनवर इंडेक्स हवा असेल, तर ते 'इम्यूटेबल' म्हणून जाहीर करावं लागतं. म्हणजे काय, तर तीच वेळ दिली की कायम तेच उत्तर मिळेल, असं आपण वचन देतो. झोनचं नाव फंक्शनमध्येच लिहिलेलं असेल, तर हे वचन खरं ठरतं. पण उत्तर कनेक्शनच्या सेटिंगवर अवलंबून असेल तर ते खोटं असतं, आणि पोस्टग्रेस आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. मग इंडेक्समधून शोधलं तर एक बेरीज, आणि सगळं टेबल वाचलं तर दुसरीच!

तेव्हा फंक्शन लिहून झालं की दोन वेळा नक्की तपासा: भारतीय वेळेनुसार ३१ मार्चच्या रात्रीचे ११:५९, आणि त्यानंतरची दोन मिनिटं संपल्यावर १ एप्रिलचे १२:०१. कनेक्शनचा टाइमझोन बदलून पुन्हा चालवा. उत्तर बदलता कामा नये.